कौशल्याबाईंच्या विहिरीचं पाणी

प्रदूषण मंडळात टायपिस्ट होते म्हटलं की लोक हसतात. ‘म्हणजे तुम्ही धूर मोजायच्या का?’ मी धूर मोजत नव्हते. मी पत्रं टाइप करत होते, आणि दारात आलेल्या माणसाला ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं गोड शब्दांत सांगत होते. हे दुसरं काम मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पण दारातलं पहिलं टेबल माझं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

पंचाऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. भोपाळला वायू सुटून माणसं हजारोंनी गेली होती, आणि त्यानंतर सगळ्या मध्य प्रदेशाला एकदम आमची आठवण झाली होती. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातच, आणि तिथे मंडळाची दोन खोल्यांची एक शाखा होती. तिथे जो येई तो अशा आशेनं येई, की आम्ही उद्या सकाळी जाऊन कारखान्याला कुलूप ठोकणार. आमच्याजवळ कपाटाला लावायला धड कुलूप नव्हतं.

कौशल्याबाई धांडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात हॉर्लिक्सची रिकामी बाटली होती. म्हणजे हॉर्लिक्स नव्हतं, पाणी होतं. पन्नाशी ओलांडलेली बाई, स्वच्छ सुती पातळ, कपाळ मोकळं. बाटली त्यांनी माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवली.

“हे माह्या विहिरीचं पानी हाये. याच्यात जहर हाये. तपासून द्या.”

मी म्हटलं, “मावशी, असं आणलेलं पाणी आम्हाला घेता येत नाही.”

“कावून? पानी तं थेच हाये.”

“पाणी तेच आहे, पण नमुना आमच्या माणसानंच घ्यावा लागतो. तसा कायदा आहे.”

“मंग पाठवा तुमचा मानूस.”

आमचा माणूस म्हणजे देवानंद सर. शाखेतले एकुलते एक वैज्ञानिक, तेही कनिष्ठ. अमरावतीकडचे, सज्जन, आणि कामानं पिचलेले. सिमेंट, कोळसा, रसायनं, चुनखडीच्या खाणी, सगळ्यांचे नमुने त्या एकट्या माणसानं घ्यायचे. त्या दिवशी ते बाहेर होते. मी कौशल्याबाईंना बसवलं, आणि कुठला कागद कुठे जातो ते समजावून सांगितलं. दिल्लीला केंद्राचं मंडळ. देशभराची मोजमापं ते ठरवतं: पाण्यात शिसं किती चालेल, धुरात राख किती चालेल. सरकारला सल्ला देतं, राज्यांच्या मंडळांना वाट दाखवतं, पण कुणाच्या विहिरीत डोकावत नाही. भोपाळला राज्याचं मंडळ. कारखान्याला सांडपाणी सोडायची संमती ते देतं, अटी घालतं, अटी मोडल्या तर कोर्टात जातं. अध्यक्ष, सदस्य-सचिव, सरकारी खात्यांचे लोक, नगरपालिकांचे, शेतीचे, उद्योगांचे प्रतिनिधी, असे सगळे तिथे एका टेबलाभोवती बसतात. आणि सगळ्यांत खाली आम्ही. एक वैज्ञानिक, एक टायपिस्ट, एक ड्रायव्हर आणि ढकलल्याशिवाय न निघणारी एक जीप.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“मंग बंद कोन करते?” त्यांनी विचारलं.

“कोर्ट.”

“अन् कोर्टाले कोन सांगते?”

“भोपाळ.”

“अन् भोपाळले?”

“आम्ही.”

“मंग मी बरोबर जागी आली,” असं म्हणून त्या बाकावर सरकून बसल्या. मला राग आला. इतका वेळ घसा कोरडा करून मी त्यांना परत पाठवायचीच तर तयारी करत होते.

त्यांची गोष्ट मला त्या बाकावरच कळली, थोडी थोडी. वर्धा जिल्ह्यातलं माहेर. नवरा शालिकराम, पोलाद कारखान्यात क्लार्क. कारखाना नवा होता तेव्हा विदर्भातून जे लोक आले त्यांतले हे. सेक्टर सहामध्ये क्वार्टर. संसार तिथे, एकुलती मुलगी विजया तिथेच वाढली. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून शालिकरामांनी नंदिनी नगरच्या रस्त्याला एका नव्या वस्तीत प्लॉट घेतला, घर बांधलं, विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी कौशल्याबाईंनी विहिरीच्या काठाला कोनाडा करून साती आसरा बसवल्या. पाण्यातल्या सात बहिणी, सात गोटे. त्यांच्या माहेरी विहीर म्हटली की आसरा असायच्याच. क्वार्टरात होता नळ, आणि नळाला आसरा कुठे बसवणार? तेवढी एक रुखरुख इतकी वर्षं होती, ती गेली.

वर्षभरात शालिकराम वारले. आणि त्यानंतर वस्तीच्या मागे पत्र्याची एक शेड उभी राहिली. ट्रकांच्या जुन्या बॅटऱ्या आणायच्या, फोडायच्या, आतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, मागच्या खड्ड्यात ओतायचं, शिसं वितळवायचं. वाऱ्याची दिशा फिरली की कौशल्याबाईंच्या अंगणात राखाडी भुकटी पडे. शेजारच्या गोठ्यातली म्हैस पाय झाडत मेली.

आणि विजया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दुर्गला मोहन नगरात तिचं सासर, सायकलवर येण्याजोगं, पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणजे माहेरीच. चांगली हसत आलेली पोरगी पांढरीफटक पडत गेली, पोटात कळा येत, हातपाय गळत. बाळ झालं ते गेलेलंच झालं. मुलगा होता.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनं विचारलं, पाणी कुठलं पिता? घरामागे काय आहे? मग म्हणाला, शिशाचा संशय वाटतो, पाणी तपासून घ्या. तेवढ्या एका वाक्यावर सासरच्यांनी निकाल दिला, पोरगी पुन्हा त्या घरी पाठवणार नाही. सणाला नाही, रात्रीला नाही, बाळंतपणाला तर नाहीच.

“मले कारखाना बंद नाई करा लागत, बाई,” कौशल्याबाई मला म्हणाल्या. “बापानं पोरीसाठी बांधलं घर. तिनं यावं, मायच्या हातचं खावं, तिचं लेकरू तिथं व्हावं. एवढंच पायजे मले. पानी साफ करून द्या.”

मी कागद चढवला आणि त्यांच्या नावानं तक्रार टाइप करायला घेतली.

देवानंद सरांनी ती भोपाळला पाठवली. भोपाळहून उत्तर येईना. शिसं तपासायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, नमुना भोपाळच्याच प्रयोगशाळेत जायचा, आणि तिथे तर रांग लागलेली. कौशल्याबाई दर आठवड्याला येऊन बसत. मी वैतागून एकदा म्हटलं, “मावशी, इथं बसून काही होत नाही. भोपाळलाच जा एकदा.” मी आपली बोलून गेले. त्या खरंच गेल्या. एकट्या, रेल्वेच्या दुसऱ्या वर्गानं, पिशवीत दशम्या आणि ती हॉर्लिक्सची बाटली घेऊन. तिथे त्यांना या खोलीतून त्या खोलीत फिरवलं. शेवटी एका वयस्कर अधिकाऱ्यानं बाटली उचलून उजेडात धरली, त्यांच्याकडे बघितलं, आणि फायलीवर सही केली. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, “साऱ्याईनं हेच सांगतलं, तुमच्या भिलाईच्या हापिसात जा.” आणि हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

तपासणीचा हुकूम आला तेव्हा विजयाला पुन्हा दिवस गेले होते.

देवानंद सर आणि ड्रायव्हर भैय्याजी जीप घेऊन आधी कारखान्यावर गेले. तिथे काय झालं ते भैय्याजीनं आम्हाला शिव्या घालत सांगितलं. गेटवरचा दरबान म्हणाला, “मालिक पूजा में हैं, चाय पीजिए.” चहा आला, बिस्किटं आली, मालिक काही आला नाही. आत मात्र धावपळ ऐकू येत होती. शेवटी गेट उघडलं तेव्हा नाली चुन्यानं पांढरी केलेली, आणि तिच्यातून नळाचं पाणी खळखळ वाहत होतं. कायदा म्हणतो, नमुना कारखान्याच्या माणसासमोर घ्या, त्याचे दोन भाग करा, मोहोर लावा, त्याची सही घ्या. त्या माणसानं हसत सही केली. का नाही करणार? नालीतलं ते पाणी म्हशीनंसुद्धा आनंदानं प्यायलं असतं.

राहिली विहीर. सरांनी कौशल्याबाईंना आदल्या दिवशी निरोप पाठवला होता, उद्या घरी राहा म्हणून. त्या नुसत्या घरी राहिल्या नव्हत्या. अंगण सारवलं होतं, रांगोळी घातली होती, सरांना आणि भैय्याजीला पाट मांडून पोहे दिले. मग सरांनी विहिरीतून नमुना काढला, बाटल्या भरल्या, मोहोर लावली, सह्या झाल्या. पंचनामा मीच टाइप केला. विहीर पक्की, खोली इतकी, पाणी किंचित गढूळ, वास नाही.

भोपाळहून अहवाल आला. शिसं मर्यादेच्या कितीतरी पट. सरांनी तो आकडा आम्हाला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. वाईट बातमीनं इतका आनंद झालेली माणसं फक्त आमच्याच खात्यात असतील. कारखान्याला थेट बंदीचा हुकूम द्यायचा अधिकार तेव्हा मंडळाला नव्हता, म्हणून दुर्गच्या कोर्टात अर्ज लागला: या कारखान्याला तेजाब आणि सांडपाणी सोडण्यास मनाई करावी. कौशल्याबाई साक्षीदार. मी फायली सांभाळायला गेले होते.

विजयाला पाचवा महिना होता. कौशल्याबाईंनी साक्षीच्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. मला कानात म्हणाल्या, “आज झालं का सातव्यात मी तिले घेऊन येतो.”

कारखान्याचा वकील अंगावर ओरडणारा असता तर बरं झालं असतं. तो फार मऊ बोलणारा निघाला. त्यानं विहिरीचा एक फोटो काढून पुढे केला.

“माताजी, यह कुएँ पर लाल-लाल क्या है?”

कौशल्याबाईंचा चेहरा उजळला. कुणीतरी एकदाचं त्यांना येणारा प्रश्न विचारला होता. “आसरा माय हैं. उनका शेंदूर है,” त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या.

“रोज़ लगाती हैं?”

“नहीं, अमावस को. तेल में घोलके. पहले थोडा लगाती थी. विजया को दिन गए तबसे ज्यादा लगाती हूँ. पेटवाली बाई को आसरा सताती हैं ना, उनको राजी रखना पडता.”

“बहुत अच्छा. और जिस दिन सरकारी साहब पानी लेने आए, उस दिन?”

“उस दिन तो सबेरेच लगाया. पहले सातों को नहलाया, विहीर के पानी से, फिर नया शेंदूर चढाया. पानी का फैसला होना था, तो पानी की देवी को पहले मनाना पडेगा ना?”

“नहलाया हुआ पानी कहाँ गया?”

“विहीर में. और कहाँ जाएगा?”

वकिलानं मान लववून त्यांचे आभार मानले आणि तो देवानंद सरांकडे वळला. “आप रसायनशास्त्र के एम.एससी. हैं. अदालत को बताइए, सिंदूर किस चीज़ से बनता है?”

दंडाधिकाऱ्यांनी मान वर करून पाहिलं.

“लेड ऑक्साइड,” सर म्हणाले. “शिसं.”

मी सरांवर त्या दिवशी जितकी चिडले तितकी आयुष्यात कुणावर चिडले नसेन. पण नंतर विचार केला. या माणसाच्या गावच्या विहिरीवर शेंदूर, शेताच्या बांधावर शेंदूर, मारुतीला शेंदूर. जन्मल्यापासून जे डोळ्यांसमोर आहे ते दिसत नाही. परप्रांतातला एखादा असता तर विहिरीवर पाऊल ठेवताच त्यानं विचारलं असतं, हा लाल थर कसला? आमच्या सरांनी त्या दिवशी नमुना काढण्याआधी आसरांना हात जोडले होते. भैय्याजीनंही जोडले होते. पंचनाम्यात त्यातलं काहीच नव्हतं, कारण देवाला कुणी पंचनाम्यात घालत नाही.

अर्ज फेटाळला गेला. मंडळाला हवं तर नव्यानं तपासणी करून पुन्हा यावं, एवढी सोय ठेवली. कोर्टाबाहेर कौशल्याबाई माझ्यामागे लागल्या, “काय झालं? कोनी काही सांगून नाई राहिलं. वकील एवढा हासत कावून गेला?” सर पुढे निघून गेले होते. सांगावं मलाच लागलं.

“मावशी, शेंदरात शिसं असतं.”

“कोन्त्या शेंदरात?”

“सगळ्याच. तुमच्यासुद्धा.”

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्या तिथेच धुळीत, ठेवणीतल्या पातळानिशी खाली बसल्या. मी पाणी आणलं. त्यांनी ग्लासात पाहिलं आणि तो तसाच बाजूला ठेवला.

सरांनी मात्र हात टेकले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः कौशल्याबाईंच्या घरी गेले, मला बरोबर घेऊन. म्हणाले, एक मार्ग आहे. सगळा शेंदूर खरवडून काढायचा. आसरा तिथून हलवायच्या. विहीर उपसायची, गाळ काढायचा, नवं पाणी भरू द्यायचं. मग पुन्हा नमुना. त्यात शिसं निघालं, तर ते कारखान्याचंच, दुसऱ्या कुणाचं नाही.

“आसरा हालवू?” कौशल्याबाईंनी विचारलं. “पोट्टी पोटुशी असतानी?”

सरांनी कोनाड्याकडे पाहिलं. विज्ञानाचा माणूस होता तो, पण त्याचीही बायको कधीतरी बाळंत झालीच होती.

“सायेब, आसरा काय करते, थे तुमाले मालूम हाये. लोकं बाईले कितीक महिने विहिरीवर जाऊ देत नाई. अन् मी त्याइचं आसन खरडू?”

“नाही खरडलं तर केस उभीच राहत नाही, कौशल्याबाई. आणि विजया इथं येऊ शकत नाही.”

आम्ही निघालो. वाटेत सर म्हणाले, नाही करणार ती. मलाही तसंच वाटत होतं. एकीकडे कारखाना, दुसरीकडे आसरा, आणि मधे पाचव्या महिन्यातली पोटुशी पोरगी. मी असते तर पळून गेले असते.

चार-पाच दिवसांनी त्यांचा निरोप आला, ये म्हणून. मी एकटीच गेले. कौशल्याबाई विहिरीच्या काठावर पदर खोचून उभ्या होत्या, हातात खुरपं. त्यांना एकटीनं ते करायचं नव्हतं, एवढंच.

आधी त्यांनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला, हिरव्या बांगड्या ठेवल्या. मग हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, “जे करा लागते, थे मले करा. हात माहे हायेत, खुरपं माहं हाये. पोरीचं नाव घेऊ नका.” आणि खुरपं चालवलं. शेंदराचा थर बोटभर जाड होता. सालपटं निघत होती, खाली अंथरलेल्या पोत्यावर पडत होती. एकही कपरा विहिरीत पडू नये म्हणून मी पोतं धरून उभी होते. त्यांचे हात लालभडक झाले. गोटे खाली उघडे पडले तेव्हा ते नुसतेच गोटे होते, नदीतले, काळे. त्यांनी एकेक धुवून पुसून नव्या खणात बांधला.

मधेच त्या थांबल्या.

“लतिका, एक सांगू तुले? कोनाले सांगजो नोको.”

“सांगा.”

“पयल्या खेपेले विजया आल्ती नं, मी रोज सकाळी तिले तीर्थ देत होती.”

“कसलं तीर्थ?”

त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. सात गोट्यांना अंघोळ घालायची, ते पाणी वाटीत धरायचं, आणि पोटुशी लेकीला पाजायचं. आसरांची नजर लागू नये म्हणून. तिची कळ वाढली तसं मायनं तीर्थ वाढवलं, एका वाटीच्या दोन वाट्या केल्या.

माझ्या हातातलं पोतं सुटता सुटता राहिलं. “मावशी, कारखान्याची भुकटी होती, तेजाब होतं,” असं काहीबाही मी बोलत राहिले. खुरपं पुन्हा सुरू झालं, आणि शेवटचा कपरा निघेपर्यंत थांबलं नाही.

विहीर उपसली. गाळ काढला. सरांनी खरवडलेला शेंदूर पोत्यासकट मोहोर लावून नेला. पाणी भरलं, स्थिर झालं, पुन्हा नमुना गेला. या वेळी सरांनी भोपाळला रोज ट्रंककॉल लावले, आणि प्रयोगशाळेनंही आमचा नमुना मागे ठेवला नाही.

अहवाल आला. शिसं पहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी, पण मर्यादेच्या अजूनही पुष्कळ वर. आणि पाण्यात तेजाबाचा अंश स्पष्ट. आता वकिलाला बोट दाखवायला कोनाडाच उरला नव्हता. कोर्टानं मनाई केली: सांडपाणी शुद्ध करायची व्यवस्था होईपर्यंत कारखान्यानं एक थेंबही बाहेर सोडू नये. तेजाब ओतता येईना तेव्हा बॅटऱ्या फोडता येईनात, आणि शेडची भट्टी विझली. शिवाय सरांनी सांगितलं, प्यायचं पाणी टँकरनं द्यायला नगरपालिका तयार आहे. आमच्या शाखेच्या आयुष्यातला तो एकमेव विजय. भैय्याजीनं पेढे आणले.

कौशल्याबाई आल्या, पण पेढा त्यांनी हातात घेतला नाही. सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“सायेब, पयले जेवढं होतं, त्याच्या आता निम्मंबी नाई?”

“हो, खूपच कमी झालंय.”

“जे कमी झालं, थे कोनाचं होतं?”

सरांनी पेढ्याचा पुडा बंद केला. मग ते घाईघाईनं समजावू लागले. नुसत्या साध्या पाण्यात शेंदूर असा सहज विरघळत नाही. कारखान्याचं तेजाब जमिनीतून विहिरीत उतरलं, त्यानं पाणी आंबट झालं, म्हणून तो विरघळला. म्हणजे दोष मुळात त्यांचाच. बोलणं खरं होतं, मला आजही तसंच वाटतं.

“तेजाब त्याइचं,” कौशल्याबाई म्हणाल्या. “शेंदूर माहा. अन् वाटी माह्या हातातली.”

वाटी कसली ते सरांना कळलं नाही. मला कळलं.

विजयाला नववा लागायला आला होता. निकाल पेपरात छापून आला, तेव्हा सासरची माणसंही नरमली. जावई स्वतः म्हणाला, आता हरकत नाही, जाऊ दे माहेरी. मला हे कळलं कारण विजयाच मोहन नगरातून ऑफिसात सांगायला आली. मोठं पोट, थकलेला चेहरा, आणि डोळे कसे नाचत होते! “दीदी, मैं आज ही जा रही हूँ. आईले सांगतलं नाई मी. सरप्राइज.” ती एकटीच निघाली होती, म्हणून मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर रिक्षात बसले. पायाशी तिची ट्रंक, मांडीवर बाळंतविड्याची पिशवी. वाटेभर ती बोलत होती, आई डिंकाचे लाडू करेल, आई असं करेल, आई तसं करेल.

रिक्षा फाटकाशी थांबली. कौशल्याबाई अंगणातून धावत आल्या. लेकीला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, सुटली ही बाई, सुटली एकदाची. विजयानं एक पाय खाली ठेवला. तेवढ्यात त्यांचा चेहरा विझला. त्यांनी फाटक आतून लावून घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

“उतरू नोको.”

“आई?”

“परत जाय.”

“आई, अशी का करून राहिली? कोर्टाचा ऑर्डर आला न? कारखाना बंद झाला न? टँकरचं पानी आहे. सब ठीक हो गया, आई!”

“हाव. सारं झालं.”

“मग?”

कौशल्याबाईंनी फाटकाची कडी चढवली. विजया रडायला लागली. मी खाली उतरले, म्हटलं, “मावशी, भट्टी विझलीय, विहीर मोकळी झालीय, आता कसली भीती?” त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या लेकीच्या पोटाकडे पाहत होत्या.

“आई, मी बाळंतपणाले जाऊ तरी कुठं मग? सासूबाईंना सांगून आली मी, आईकडे जाते म्हणून. कुठं जाऊ?”

“कुठंबी जाय, माय. दवाखान्यात जाय, सासूजवळ राह्य,” कौशल्याबाई म्हणाल्या. “मी जिथं नाई, तिथं जाय.”

आणि फाटकाच्या आतूनच त्यांनी रिक्षावाल्याला वळवायची खूण केली.